ताप आलेलं मूल शाळेत का येतं? सहावीच्या वर्गशिक्षिकेला उत्तर

प्रश्न असा होता: ऐरोलीतल्या एका शाळेत मी सहावीची वर्गशिक्षिका आहे. वर्गात पन्नासच्या वर मुलं आहेत. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये सर्दी-तापाची लाट येते. मुख्याध्यापकांनी यंदा फ्लूच्या जनजागृतीचं काम माझ्याकडे दिलं आहे. गेल्या वर्षी पोस्टर स्पर्धा घेतली, घोषणा दिल्या, तरी पुढच्याच आठवड्यात पाव वर्ग आजारी. युनिट टेस्ट बुडू नये म्हणून पालक मुलांना तापातही पाठवतात. खरोखर उपयोगाचं असं काय करता येईल? सगळ्यांना लस द्यावी का? काही पालक काढा आणि होमिओपॅथीच्या गोळ्या शाळेत वाटा म्हणतात, त्याचं काय? आणि साथ वाढलीच तर शाळा बंद करावी का?

मी ठाण्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. ठाण्यातल्या आणि खाडीपलीकडच्या काही शाळांमध्ये आरोग्य तपासणीलाही जाते. तुमच्या प्रश्नातलं मला सर्वांत मोलाचं वाटलेलं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं आहे: ‘युनिट टेस्ट बुडू नये म्हणून पालक मुलांना तापातही पाठवतात.’ शाळेतल्या फ्लूची गाठ तिथेच आहे. आजारी मुलाला घरी राहून काहीही गमवावं लागत नाही अशी सोय शाळेने केली, तर निम्मं काम झालं. ती सोय नसेल तर पोस्टरं कितीही सुंदर असोत, मूल ताप घेऊन वर्गात येणारच. मुलांना फ्लूची माहिती नसते असं नाही. शिंकताना तोंड झाकायचं, हात धुवायचे, हे करोनानंतर पहिलीतलं पोरही घडाघडा सांगतं. माहितीप्रमाणे वागण्याची मोकळीक त्याला नसते.

आधी आजाराचं गणित समजून घेऊ, म्हणजे पुढचे नियम का, ते कळेल. फ्लू म्हणजे इन्फ्लुएन्झा. माणसांत फिरतात ते मुख्यतः त्याचे ए आणि बी हे दोन प्रकार. ए मधले एच१एन१ आणि एच३एन२ हे आपल्याकडे आलटून पालटून जोर धरतात. २००९ मध्ये ज्याला आपण स्वाइन फ्लू म्हणून घाबरलो, तो एच१एन१ आता दरवर्षीच्या हंगामी फ्लूचाच भाग झाला आहे. विषाणू शरीरात गेल्यापासून एक ते चार दिवसांत, बहुतेकदा दुसऱ्या दिवशी, आजार दिसू लागतो: अचानक चढणारा ताप, अंगदुखी, डोकेदुखी, घसा खवखवणं, कोरडा खोकला. मोठा माणूस लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून पाच ते सात दिवस इतरांना लागण देऊ शकतो. लहान मुलं त्याहून जास्त दिवस, कधी कधी दहा दिवसांपर्यंत विषाणू सोडत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी मोठ्या माणसांपैकी ५ ते १० टक्क्यांना फ्लू होतो आणि मुलांपैकी २० ते ३० टक्क्यांना. म्हणजे वस्तीत फ्लू पसरतो तो बराचसा वर्गातून घरी जातो. आजी-आजोबा, बाळंतीण मावशी, घरातलं तान्हं बाळ यांच्यापर्यंत तो दप्तराबरोबर पोचतो.

आता एक दिवस डोळ्यांसमोर आणा. मुलाला पहाटे कणकण आहे. शाळा सात वाजताची. आई-बाबांना लोकल पकडायची आहे. पॅरासिटामॉलचा एक डोस दिला, अर्ध्या तासात ताप उतरला, मूल हसतंय, ‘बरं वाटतंय’ म्हणतंय. पाठवलं. या औषधाचा असर चार ते सहा तास टिकतो. म्हणून मधल्या सुट्टीनंतर तुमच्याकडे ‘बाई, याचं अंग गरम लागतंय’ अशी तक्रार येते. तोवर त्या मुलाने व्हॅनमध्ये, परिपाठात, बाकावर आणि डब्याच्या घोळक्यात चार तास काढलेले असतात, आणि फ्लूच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच विषाणू सर्वांत जास्त बाहेर पडतो. ताप औषधाने झाकला जातो, लागण झाकली जात नाही. पालकसभेत दुसरं काही सांगायला वेळ मिळाला नाही तरी चालेल, पण हे सांगाच: सकाळी तापाचं औषध द्यावं लागलं, तर तो दिवस घरी.

पालकांना दोष देऊन मात्र काही साधत नाही. ते असं का करतात ते पाहा. एक कारण शाळेने स्वतःच तयार केलेलं आहे: शंभर टक्के उपस्थितीचं बक्षीस. वार्षिक स्नेहसंमेलनात स्टेजवर बोलावून प्रमाणपत्र मिळतं, म्हणून मूलच आईच्या मागे लागतं की मला जायचंय. या बक्षिसाविषयी माझं मत ठाम आहे. ते बंद करा. मुख्याध्यापकांना ते फारच प्रिय असेल, तर वैद्यकीय रजा गैरहजेरीत धरू नका आणि बक्षिसाचं नाव बदलून ‘नियमितपणा’ ठेवा. दुसरं कारण युनिट टेस्ट. आजारी मुलासाठी पुन्हा चाचणीची तारीख जूनमध्येच वेळापत्रकात छापून टाका. ‘बघू, अर्ज द्या, सर्टिफिकेट आणा’ असं म्हटलं की पालक धोका पत्करत नाहीत. साध्या दोन-तीन दिवसांच्या तापासाठी डॉक्टरांचं सर्टिफिकेट मागणंही सोडा. त्या कागदासाठी तापलेलं मूल दवाखान्याच्या बाकावर तासभर बसतं, तिथल्या बाळांना खोकला देतं आणि तिथून काहीतरी घेऊन येतं. आईने डायरीत लिहिलेली ओळ पुरेशी धरा. बुडालेला अभ्यास मिळवायला ‘वही-मित्र’ ठरवून द्या. प्रत्येक मुलाचा एक सोबती त्या दिवशीच्या पानांचे फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकेल. सहावीची मुलं हे काम अभिमानाने करतात.

तिसरं कारण अवघड आहे आणि त्यावर शाळेने बोलायलाच हवं. घरी कोणी नसतं. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे इथल्या कित्येक घरांत दोघंही कामाला जातात. कुणी कंपनीत, कुणी एमआयडीसीत रोजंदारीवर, कुणी चार घरची धुणीभांडी करून. सुट्टी घेतली की त्या दिवसाचा पगार कापला जातो. त्यांना ‘मुलाला पाच दिवस घरी ठेवा’ हे सांगणं सोपं आहे, पाळणं नाही. म्हणून जूनच्या पहिल्या पालकसभेतच प्रत्येक घराकडून एक गोष्ट लिहून घ्या: मूल आजारी पडलं तर दिवसा त्याच्याजवळ कोण थांबेल, आणि शाळेतून न्यायला कोण येईल. आजी, शेजारच्या काकू, दुसऱ्या पाळीत काम करणारा मामा, कोणीही. बहुतेक घरांना कोणीतरी सापडतं, फक्त ताप चढलेल्या सकाळी सुचत नाही. ज्यांना कोणीच नाही अशी दोन-चार घरं निघतील. ती तुम्हाला आधीच ठाऊक असली, तर त्या मुलांसाठी शाळेत वेगळं काही करता येतं. पोषण आहार मिळणाऱ्या शाळांमध्ये आणखी एक गोष्ट असते: गैरहजर मुलाचा दुपारचा आहार बुडतो. अशा घरची आई मुलाला शाळेत पाठवते तेव्हा ती बेफिकीर नसते, हे शिक्षकांनी मनात ठेवावं.

परत कधी यायचं? नियम एका ओळीचा ठेवा: तापाचं औषध न देता पूर्ण चोवीस तास ताप नसला की शाळेत. खोकला राहिला तरी चालेल, तो दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. २०२३ च्या सुरुवातीला एच३एन२ पसरला तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशननेही हेच सांगितलं होतं: ताप साधारण तीन दिवसांत जातो, खोकला तीन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, आणि उगाच अँटिबायोटिक घेऊ नका. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, फ्लूच्या विषाणूवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. मात्र परत आलेल्या मुलाला खोकला असेपर्यंत मास्क लावायला सांगा आणि आठवडाभर खिडकीजवळ बसवा. पीटीच्या तासाला लगेच पळवू नका.

वर्गात ताप चढलाच तर? सिक रूम नावाची जागा बऱ्याच शाळांत स्टोअररूम झालेली असते. ती मोकळी करून घ्या. एक पलंग, थर्मामीटर, साधे तीनपदरी मास्क, पाणी, उघडणारी खिडकी, एवढं पुरे. मुलाला शांतपणे बाहेर न्या, वर्गासमोर ‘तुला फ्लू झालाय’ असं जाहीर करू नका. करोनात आपण पाहिलं आहे, खोकणाऱ्या मुलाला बाकीचे कसे टाळतात, काय काय नावं ठेवतात. एकदा चिडवलं गेलेलं मूल पुढच्या वेळी ताप लपवतं, आणि मग तुमच्या हातात काहीच उरत नाही.

हवेकडे वळते, कारण पावसाळ्यात आपल्या शाळा इथेच हरतात. फ्लू मुख्यतः खोकल्या-शिंकेच्या थेंबांतून आणि बंद जागेत हवेत रेंगाळणाऱ्या सूक्ष्म कणांतून पसरतो. पाऊस सुरू झाला की आपण वर्गाच्या सगळ्या खिडक्या लावून घेतो. मुलं भिजल्यामुळे, दह्यामुळे किंवा आइस्क्रीममुळे फ्लू होत नाही. पन्नास मुलं चार-पाच तास एकाच कोंडलेल्या हवेत बसतात म्हणून होतो. आपल्याकडे पावसाची झड बहुतेकदा पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येते. त्या बाजूच्या खिडक्या लावा, पूर्वेकडच्या उघड्या ठेवा, दार उघडं ठेवा, वरचे झरोके पुठ्ठे लावून बंद केले असतील तर ते काढा. पंखा चालू हवाच. एसी वर्ग असेल तर लक्षात घ्या की भिंतीवरचा स्प्लिट एसी वर्गातलीच हवा थंड करून परत वर्गात सोडतो, बाहेरची हवा आत आणत नाही. साथीच्या दिवसांत दर तासाच्या शेवटी पाच-दहा मिनिटं दारं-खिडक्या उघडा, एक्झॉस्ट पंखा असेल तर सुरू ठेवा. विजेचं बिल थोडं वाढेल, वाढू दे.

व्हॅनचा विषय शाळा सहसा ‘आमच्या हातात नाही’ म्हणून सोडून देते. पण एका छोट्या व्हॅनमध्ये वेगवेगळ्या वर्गांची, कधी वेगवेगळ्या शाळांची मुलं मांडीला मांडी लावून बसतात, काचा बंद. सहावीचा फ्लू पहिलीत जातो तो बऱ्याचदा याच मार्गाने. व्हॅनवाल्या काकांना सन्मानाने बोलावून बैठक घ्या. पुढची आणि मागची काच चार बोटं उघडी ठेवायची, खोकणाऱ्या मुलाला मास्क द्यायचा, आणि तापलेलं मूल व्हॅनमध्ये चढवून न घेता पालकांना फोन लावायचा. त्यांना हे अधिकाराने करता यावं म्हणून शाळेच्या शिक्क्याचं पत्र द्या. पालक त्यांच्यावर चिडले तर त्यांनी पत्र दाखवावं.

हात धुण्याचं महत्त्व मी कमी करत नाही. फ्लूचा विषाणू स्टील-प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर एक-दोन दिवस टिकू शकतो, कापड-कागदावर काही तास. त्याच्याभोवती चरबीचं पातळ आवरण असतं आणि साबण तेच फोडतो, म्हणून वीस सेकंद साबणाने चोळणं खरंच उपयोगी आहे. पण तुमच्या शाळेत मधल्या सुट्टीत किती मुलांमागे किती नळ आहेत ते मोजा. आणि साबण आहे का? की मुलं घेऊन जातात म्हणून कपाटात ठेवला आहे? मोज्यात किंवा जाळीच्या पिशवीत साबण घालून नळाला बांधण्याची जुनी युक्ती आजही उत्तम चालते. सुट्टी वीस मिनिटांची आणि नळ चार, तर हात धुणं होणारच नाही. दोन-दोन वर्गांना पाच मिनिटं आधी सोडा. सॅनिटायझर वापरायचा तर ६० टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेला, आणि लहान वर्गांत मोठ्यांच्या देखरेखीखालीच. पाण्याची बाटली तोंडाला लावून सगळ्यांत फिरवणं हे सहावी-सातवीत मैत्रीचं लक्षण असतं. ते बंद करायला ओरडून उपयोग नाही, स्वतःच्या बाटलीतलं पाणी मित्राला वरून ओतून दे म्हणावं.

आता तुमच्या कार्यक्रमाचं. पोस्टर स्पर्धेऐवजी एक तास माझ्या सांगण्यावरून घेऊन पाहा. सकाळी पहिल्या तासाला वर्गातल्या दोन मुलांच्या तळहाताला खोबरेल तेलाचं बोट आणि त्यावर गडद गुलाबी रांगोळी लावा. नंतर काहीच बोलू नका, नेहमीचे तास घ्या. त्यांनी डोळ्याला आणि तोंडाला हात लावायचा नाही, एवढी ताकीद द्या. मधल्या सुट्टीआधी वर्गाला शोध घ्यायला लावा की रंग कुठे कुठे पोचला. दाराची कडी, डस्टर, शेजाऱ्याची कंपासपेटी, नळ, कुणाचा तरी गाल, तुमची खुर्ची. मुलं खिळून जातात. मग साबणाशिवाय आणि साबणाने हात धुऊन फरक दाखवा. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला त्यांच्याकडूनच फळ्यावर झाडाच्या फांद्यांसारखं मांडून घ्या: एका आजारी मुलापासून दोघांना लागण झाली, त्या दोघांपासून चौघांना, आणि मधलं अंतर दोन-तीन दिवसांचं, तर दोन आठवड्यांत काय होईल? आणि पहिलाच घरी राहिला असता तर? हा शेवटचा प्रश्न त्यांना स्वतः सोडवू द्या. फळ्यावरची ती झाडाची फांदी त्यांनी आपल्या हाताने पुसली, की घरी राहणं म्हणजे पळपुटेपणा नाही, हे त्यांना पटतं.

त्याच तासात मुलांना आणखी एक गोष्ट शिकवा: आजार सांगता येणं. ‘बरं वाटत नाही’ एवढ्यावर आई चिडते, बाई बहाणा समजतात. कधीपासून, कुठे दुखतं, श्वास घेताना त्रास होतो का, लघवी शेवटची कधी झाली, इतकं सांगता आलं तर डॉक्टरांचं आणि तुमचंही काम सोपं होतं. नाटुकल्याच्या रूपाने करून घ्या, एक मूल आई, एक मूल बाई, एक आजारी.

तुमच्या टेबलावर एक साधन पडून आहे, तो कॅटलॉग, म्हणजे हजेरीपट. गैरहजेरीच्या खुणेऐवजी ताप असेल तर वेगळी खूण करा, एवढंच. रोज संध्याकाळी एक नजर टाका. एकाच वर्गातली तीन-चार मुलं एकाच आठवड्यात ताप-खोकल्याने घरी असतील, तर साथीची सुरुवात झाली असं मी धरते. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना आणि जवळच्या महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्राला कळवा. सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येतं, ते चांगलं काम करतं, पण साथ त्यांच्या तारखेची वाट पाहत नाही. रोज मुलांना पाहणाऱ्या तुम्हीच आहात.

लसीबद्दल. फ्लूची लस सरकारच्या सार्वत्रिक लसीकरणात नाही, खासगीत विकत घ्यावी लागते आणि प्रत्येक घराला परवडेल अशी नाही. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सची शिफारस सहा महिने ते पाच वर्षांच्या सर्व मुलांना दरवर्षी देण्याची आहे, आणि त्यापुढे ज्यांना धोका जास्त आहे अशांना: दमा, हृदयविकार, मधुमेह, मूत्रपिंडाचे आजार, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेली मुलं. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदाच देत असतील तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. म्हणून सहावीतल्या सगळ्यांना सक्ती करू नका. पण ज्यांना दमा आहे, पंप वापरतात, त्यांच्या पालकांशी एकेकट्याने बोला. आणि शिक्षकांनी, विशेषतः गरोदर शिक्षिकांनी, स्वतः घेण्याचा विचार जरूर करावा. विषाणू दरवर्षी थोडं रूप बदलतो म्हणून लस दरवर्षी नव्याने बनते. चांगली जुळली तर दवाखान्यात जावं लागेल असा आजार साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. पूर्ण कवच नाही, पण गंभीर आजार टाळण्यात तिचा वाटा मोठा आहे. शरीराला तयार व्हायला दोन आठवडे लागतात. आपल्याकडे फ्लू वर्षातून दोनदा डोकं काढतो, जानेवारी ते मार्चमध्ये आणि पावसाळ्यात, आणि मुंबई-ठाण्याकडे पावसाळ्यातला जोर मोठा. म्हणून लसीची गोष्ट एप्रिल-मेमध्ये काढायची, निकालाच्या दिवशी. जुलैत साथ आल्यावर धावपळ करून घेतलेली लस उशिराची, तरी न घेण्यापेक्षा बरी.

मुलांना लस दिल्याने कोण वाचतं याचं एक उदाहरण शिक्षकांना सांगण्यासारखं आहे. जपानमध्ये १९६० च्या दशकापासून शाळकरी मुलांना सरसकट फ्लूची लस दिली जात होती. १९८७ मध्ये सक्ती सैल झाली आणि १९९४ मध्ये तो कार्यक्रम थांबला. पुढे संशोधकांनी आकडे तपासले, तेव्हा दिसलं की मुलांना लस मिळत होती त्या काळात म्हाताऱ्या माणसांचे हिवाळ्यातले मृत्यू कमी होते, आणि कार्यक्रम थांबल्यावर वाढले. वाड्यातल्या, चाळीतल्या, आता टॉवरमधल्याही आपल्या एकत्र घरांना हे लागू पडतं.

काढा आणि गोळ्यांचा प्रश्न स्पष्टपणे निकालात काढते. शाळेने कोणतंही औषध, कोणत्याही पॅथीचं, सरसकट वाटू नये. फ्लू टाळतो असा भरवशाचा पुरावा त्या गोळ्यांचा नाही. घरी आजीने दिलेलं आल्याचं, गवती चहाचं गरम पाणी घशाला बरं वाटतं, ते खुशाल द्यावं. फ्लूच्या साथीत कापूर-वेलचीची पुरचुंडी गळ्यात बांधण्याची टूम येते. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात, म्हणून पुरचुंड्या वर्गात नकोत. आणि मुलाला तापासाठी अ‍ॅस्पिरिन कधीही नाही. फ्लूमध्ये त्याने मेंदू आणि यकृतावर परिणाम करणारा, दुर्मिळ पण जिवावरचा आजार होऊ शकतो. पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, हेच सुरक्षित.

एक इशारा आपल्या भागासाठी खास. पावसाळ्यात ठाणे-नवी मुंबईत प्रत्येक ताप फ्लू नसतो. डेंगी, मलेरिया, लेप्टो हे त्याच महिन्यांत असतात. सर्दी-खोकला नाही, नुसता जोरदार ताप, डोळ्यांमागे दुखतं, अंगावर पुरळ, तर डेंगीचा विचार हवा. डेंगीत ताप उतरल्यावर धोका सुरू होतो: पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती. मूल तुंबलेल्या पाण्यातून चालत आलं होतं आणि आता डोळे लाल, पोटऱ्या दुखतात, तर ते डॉक्टरांना न विसरता सांगा. डेंगीची शंका असताना आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड अशी औषधं दुकानातून परस्पर आणून देऊ नयेत, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तिसऱ्या दिवशीही ताप हटला नाही तर रक्त तपासणी करायलाच हवी.

फ्लूमध्ये बहुतेक मुलं आठवडाभरात बरी होतात. सौम्य तापात घशाचा स्वॅब तपासण्याची गरज नसते, सरकारी मार्गदर्शक सूचनांतही अशा रुग्णांना घरीच ठेवायला सांगितलं आहे. पण श्वास भराभर चालतोय, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, ओठ किंवा नखं निळसर दिसतात, मूल ग्लानीत आहे, पाणीही घेत नाही, सात-आठ तास लघवी नाही, झटका आला, यांपैकी काहीही दिसलं तर वाट पाहायची नाही. वाशी, ऐरोली, नेरूळची महापालिका रुग्णालयं, ठाण्याच्या बाजूला कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, जे जवळ असेल तिथे न्या. ताप एक-दोन दिवस जाऊन पुन्हा जोराने आला आणि खोकला वाढला, तर फुप्फुसात जिवाणूंचा संसर्ग झाला असण्याची शक्यता असते, तेही लगेच दाखवा. ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वांत उपयोगी, म्हणून दम्याच्या किंवा इतर जुन्या आजाराच्या मुलाला ताप येताच डॉक्टरांकडे न्यायला सांगा, इतरांसारखं दोन दिवस थांबायला नाही. आणखी एक गोष्ट, पालक हिला फार घाबरतात: फ्लू बरा होत आला असताना सकाळी मूल उठून उभंच राहत नाही, पोटऱ्या धरून रडतं, टाचा टेकवत नाही. विशेषतः बी प्रकारच्या फ्लूनंतर शाळकरी वयात हे होतं, स्नायूंची सूज असते आणि बहुधा काही दिवसांत आपोआप जाते. तरी दाखवून घ्या, आणि लघवी गडद चहाच्या रंगाची झाली तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

राहिला शाळा बंद करण्याचा प्रश्न. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला, चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा, आणि मुंबई-पुण्यातल्या शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा विषाणू नवा होता, बहुतेकांच्या अंगी त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती, लस नव्हती. आजच्या हंगामी फ्लूसाठी संपूर्ण शाळा बंद करण्याची गरज क्वचितच पडते, आणि मुलं मग क्लासला, मॉलला, शेजारच्या घरी एकत्र जमतातच. तो निर्णय महापालिका आणि जिल्हा प्रशासनाचा, शाळेने भीतीपोटी घेऊ नये. तुमच्या हातात असतं ते याच्या अलीकडचं: कॅटलॉगमध्ये तापाच्या खुणा वाढू लागल्या की त्या वर्गाचा परिपाठ सभागृहात न घेता वर्गातच घ्या, दोन वर्ग एकत्र बसवू नका, स्नेहसंमेलनाच्या तालमी आणि सहल आठ-दहा दिवस पुढे ढकला, युनिट टेस्टची तारीख बदला, आणि त्याच संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर दोन ओळींचा निरोप टाका: ‘सहावीत ताप-खोकल्याची मुलं वाढली आहेत. आपल्या मुलाला उद्या कणकण असेल तर घरी ठेवा, त्याची चाचणी आम्ही नंतर घेऊ.’